खडूचे डोळे

आमच्या आत्याला कुणी नवीन माणूस भेटलं की ती आधी त्याच्या डोळ्यांत बघते. म्हणजे मान वाकडी करून, टक लावून, चांगली पाच-सहा सेकंद. लग्नाआधी मी नवऱ्याला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा त्या बिचाऱ्याला दरदरून घाम फुटला. बाहेर पडल्यावर म्हणाला, "तुझ्या आत्याला मी काही पसंत पडलो नाही." दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं. "छान आहेत की," ती म्हणाली. "तपकिरी, कडेला जरा हिरवट. बारा मिलिमीटर असतील." मुलगा कसा वाटला, ते तिने आजतागायत सांगितलेलं नाही.

यात तिचा दोष नाही, धंद्याची खोड आहे. आत्याने छत्तीस वर्षं संग्रहालयात मेलेले प्राणी भरले. कातडं काढायचं, तारेचा सांगाडा करायचा, त्यावर काथ्या गुंडाळून अंग घडवायचं, वर कातडं चढवायचं आणि टाके दिसणार नाहीत असं शिवायचं. घरातली पोरं तिला पेंढाआत्या म्हणतात. नावाबद्दल तिची तक्रार नाही, पण पेंढ्याबद्दल आहे. "पेंढा आता कुणी वापरत नाही," असं ती प्रत्येक पोराला किमान एकदा तरी समजावून सांगते. पोरं मान डोलावतात आणि पुन्हा पेंढाआत्याच म्हणतात.

ती आमच्या वरच्या मजल्यावर एकटी राहते आणि जेवायला खाली येते. मी घरापासून चार पावलांवर छापखाना चालवते. दोन मशीन, एक कटर आणि एक मशीनवाले काका, जे माझ्या जन्माआधीपासून तिथे आहेत आणि मला अजून शिकाऊच समजतात. संग्रहालयाची तिकिटं, माहितीपत्रकं, पाट्या सगळं आमच्याकडेच छापलं जातं. वशिल्याने मिळालंय असं कुणी म्हटलं तर मी भांडते, पण मिळालंय वशिल्यानेच.

आत्याची कामाची खोली संग्रहालयाच्या तळमजल्यावर, मागच्या बाजूला. एकच खिडकी, ती अंगणात उघडणारी. मधोमध जस्ताचा पत्रा ठोकलेलं लांब टेबल. भिंतीवर तारांची भेंडोळी, कोपऱ्यात ओल्या फडक्याने झाकलेली मातीची बादली, आणि कपाटात बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांमध्ये काचेचे डोळे, मापाप्रमाणे लावलेले. एकदा चहा करायचा म्हणून मी साखरेचा समजून भलताच डबा उघडला. आतून शंभरेक घुबडं माझ्याकडे बघत होती. तेव्हापासून त्या खोलीत मी बिनसाखरेचा चहा पिते.

तिचा एक नियम होता आणि तो मोडलेला कुणी पाहिला नव्हता. प्राणी टेबलावर आला की चाकू नाही, टेप नाही, काही नाही. आधी डोळे बघायचे आणि वहीत लिहायचे. "मेल्यावर पहिला रंग जातो तो डोळ्यांचा," ती सांगायची. "पिसं टिकतात, केस टिकतात. डोळा दोन तासांत दुधाळ होतो. मग तुम्ही अंदाजाने काच बसवणार, आणि पुढची शंभर वर्षं तो प्राणी दुसऱ्याच कुणाच्या डोळ्यांनी बघणार." म्हणून तिच्या वहीत डोळ्यांचा वेगळा रकाना होता. त्यात रंग, आणि तो केव्हा पाहिला तेही. 'पिवळे, मेल्यावर एका तासाने पाहिले.' 'गडद तपकिरी, मेल्यावर वीस मिनिटांनी पाहिले.' वेळ निघून गेलेली असेल तर सरळ लिहायचं, 'माहीत नाही'. रकाना कोरा सोडायचा नाही. कोरा रकाना म्हणजे आळस नाहीतर लबाडी, असं तिचं म्हणणं.

संग्रहालयात लोक खरे जातात ते पहिल्या मजल्यावरच्या एका काचेच्या कपाटासाठी. वर पाटी होती, 'प्राण्यांमधील वर्णविकृती'. आत्याला हा शब्द मुळीच खपत नसे. ती त्या कपाटाला 'रंग चुकलेले' म्हणायची आणि हळूहळू सगळेच म्हणायला लागले. त्यात एक कोळशासारखी काळी खार आहे. तिच्या अंगात काळा रंग जरुरीपेक्षा जास्त तयार झाला. एक चिमणी आहे, तिचा डावा पंख पांढरा आणि बाकी सगळी रोजच्यासारखी. लिंबासारखा पिवळा बेडूक आहे. फिकट गुलाबी साप आहे, तो खराखुरा अल्बिनो, म्हणजे त्याच्या अंगात काळा-तपकिरी रंग मुळी बनतच नव्हता, डोळ्यांतही नाही. म्हणून डोळे लाल. तो लाल रंगसुद्धा डोळ्यांचा नव्हे, आतलं रक्त दिसतं. शाळेची पोरं आली की आत्या हे सगळं स्वतः सांगायची. सांगता सांगता पोरांचे डोळे मोजायची.

या कपाटाच्या बाबतीत ती किती कडक होती ते सांगते. एकदा एका हुशार अधिकाऱ्याने तिथे फिक्कट सोनेरी रंगाचं एक रानमांजर आणून ठेवलं. पाटीही लावली, 'दुर्मीळ फिकट प्रकार'. आत्या रजेवरून परतली, मांजराकडे पाहिलं, त्याला उचलून पालथं केलं आणि पोटाखालचे केस बोटाने वर केले. खाली चांगला करडा-तपकिरी रंग. मांजर वीस वर्षं खिडकीशेजारी बसून उन्हाने विटलं होतं. "हा प्राणी दुर्मीळ नाही," ती त्या अधिकाऱ्याला सगळ्यांदेखत म्हणाली, "पडदा दुर्मीळ आहे. लावा आता तरी. रंग चुकलेल्यांत खोटं चालायचं नाही." अधिकाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता म्हणे. आमच्या घरी हा किस्सा इतक्यांदा सांगितला गेला की माझ्या मुलीला तो पाठ आहे.

आणि त्याच कपाटात, मधल्या फळीवर, लाकडाच्या फांदीवर बसलेला पांढराशुभ्र कावळा. लाल डोळे, गुलाबी चोच, गुलाबी नख्या. संग्रहालयाचा हिरो तोच. तिकिटावर तो, दाराच्या कमानीवर तो, पेल्यांवर तो. नव्या संचालकबाई आल्या, हौशी आणि कामाच्या, त्यांनी तर त्याच्याखाली 'लाल डोळ्यांचा राजा' असं छापायला लावलं. तिकीट एका रंगात छापता आलं असतं, पण त्या एका लाल टिंबासाठी अख्खा दुसरा रंग चढवावा लागे. मशीनवाले काका दर वेळी कुरकुरायचे, "एवढ्याशा डोळ्यासाठी मशीन दोनदा धुवायचं."

त्या कावळ्याचं नाव खडू. हे पाटीवर नव्हतं, फक्त आत्या म्हणायची. वर्षातून एकदा ती त्याला खाली आपल्या खोलीत नेऊन चोच आणि नख्या नव्याने रंगवायची. मला वाटे, किती ही माया.

आत्याच्या निवृत्तीला पाच महिने राहिले तेव्हा एक मुलगी यायला लागली. प्राण्यांच्या रंगांवर अभ्यास करत होती आणि त्यासाठी संग्रहालयातल्या जुन्या वह्या उतरवून घेत होती. काखेत सतत वही, कानामागे पेन्सिल. आत्याने तिचं नाव वहीवाली पाडलं. दोघींचं असं काही जमलं की मला थोडा मत्सरच वाटला. मी तिची सख्खी भाची, पण मला तिने बेडकाची त्वचा कशी वाळवायची ते कधी शिकवलं नाही. संचालकबाईंनी या सगळ्याचा छान मेळ घातला. वहीवाली 'रंग चुकलेले' याच नावाची पुस्तिका लिहील, ती मी छापीन, आत्याच्या निरोपाच्या दिवशी तिचं प्रकाशन होईल, आणि त्याच दिवशी पहिल्या मजल्यावरच्या त्या दालनाला आत्याचं नाव दिलं जाईल. पितळी पाटी करायलासुद्धा टाकली.

आत्याला या पाटीचं किती अप्रूप होतं, ते तिने लपवायचा प्रयत्न केला. पण दोनदा तिने मला सहज म्हणून विचारलं, "पितळेवर अक्षर खोल कोरतात का गं, की नुसतं वरवर?"

एका दुपारी मी पुस्तिकेची कच्ची पानं घेऊन आत्याच्या खोलीत गेले तेव्हा वहीवाली टेबलाशी उभी होती. समोर चौतीस वर्षांपूर्वीची वही उघडी.

"आत्या, एक विचारू? या वहीत सगळ्यांचे डोळे लिहिलेत. सहा वर्षांत एकही रकाना कोरा नाही. फक्त खडूचाच कोरा आहे."

आत्या मातीची बादली झाकत होती. ती झाकतच राहिली.

"राहून गेलं असेल," मी म्हणाले. मला घाई होती.

"हो ना, असेल," वहीवाली म्हणाली. "पण मजा बघा, पुस्तिकेचं शेवटचं प्रकरण मी त्याच्यावरच केलंय. माझ्या प्रबंधाचा कणाच तो. अल्बिनो पक्ष्यांना नीट दिसत नाही, ते फार जगत नाहीत, असं सगळे मानतात. आणि मोठ्या साहेबांच्या लेखात स्पष्ट आहे, हा कावळा इथल्या अंगणात पाच वर्षं होता. पाच! म्हणजे सगळ्यांचा समज चुकीचा. पुढच्या महिन्यात परीक्षकांसमोर हेच मांडणार आहे." तिचा चेहरा आनंदाने फुलला होता.

आत्याने मान वाकडी करून तिच्या डोळ्यांत पाहिलं. मग मला म्हणाली, "जा, तिघींना चहा घेऊन ये." एरवीसारखं साखर किती घालायची तेही तिने सांगितलं नाही, तेव्हाच मला काहीतरी बिनसलंय हे कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या छापखान्यात आली. ती तिथे कधी येत नाही. शाईच्या वासाने तिचं डोकं दुखतं, कातड्याला चोळायच्या आर्सेनिकच्या साबणाच्या वासाने दुखत नाही. कटरशेजारच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "शेवटचं प्रकरण छापू नकोस."

"का?"

"खडू अल्बिनो नव्हता. त्याचे डोळे काळे होते."

मी मशीन बंद करायला सांगितलं. काकांनी ते बंद केलं आणि ऐकू येईल इतक्या अंतरावर झाडू मारायला लागले.

मग तिने सांगितलं. ती नोकरीला लागली तेव्हा बावीस वर्षांची होती, हंगामी. तिच्या खोलीच्या खिडकीत रोज सकाळी एक पांढरा कावळा, तिच्याही आधीपासून अंगणात असलेला, यायचा आणि काचेवर चोच आपटायचा. पावाची कड हातातून घ्यायचा. बाकीचे कावळे त्याला हाकलायचे, म्हणून तो पावसाच्या पायपावर एकटाच बसायचा आणि आत्या टाके घालताना तिच्याकडे बघत राहायचा. तिने त्याचं नाव खडू ठेवलं. पिसं पांढरी, पण चोच काळी, नख्या काळ्या आणि डोळे काळेभोर. रंग त्याच्या अंगात होता. तो फक्त पिसांपर्यंत पोचला नव्हता. असेही प्राणी असतात, आणि त्यांना दिसायला काही अडचण नसते. पाच वर्षं जगला यात नवल ते कसलं!

"मोठ्या साहेबांना माहीत नव्हतं?"

मोठे साहेब म्हणजे तेव्हाचे संचालक. त्यांची तसबीर जिन्यात आहे, भारदस्त मिशा आणि हातात भिंग. त्यांनीच आत्याला हे काम शिकवलं. "साहेब कावळा बघायचे ते दुसऱ्या मजल्यावरून," आत्या म्हणाली. "आणि चष्मा कायम खिशात. चष्मा लावला की म्हातारं दिसतं, असं त्यांना वाटायचं. पांढरा म्हणजे अल्बिनो, असं धरून त्यांनी लेख लिहिला. तो बाहेरगावच्या नियतकालिकात छापून आला. सत्कार झाला. आणि महिन्याभराने खडू मेला. त्याला उचलून माझ्या टेबलावर ठेवला, तेव्हा साहेबांनी पहिल्यांदा चष्मा लावला."

"मग?"

"मग चष्मा पुन्हा खिशात घातला आणि वर निघून गेले. तिसऱ्या दिवशी लाल डोळ्यांची जोडी घेऊन आले. म्हणाले, 'हे बसव. चोच गुलाबी कर.' मी म्हटलं, साहेब, काळे आहेत. ते म्हणाले, 'मुली, माझी अब्रू तुझ्या हातात आहे.' मी बसवले. वहीत लाल लिहायचं जिवावर आलं, काळे लिहायची छाती नव्हती. त्याच महिन्यात मी कायम झाले. त्यांनी त्यासाठी केलं असं नाही. पण झाले."

म्हणजे ती दरवर्षीची रंगरंगोटी माया नव्हती. काळी चोच गुलाबी रंगाखालून वर्षभरात डोकं वर काढायची आणि आत्या ती पुन्हा झाकायची. विटलेल्या मांजरावरून अधिकाऱ्याला सगळ्यांदेखत झापणारी माझी आत्या!

मला काय वाटलं ते खरं सांगते. मला राग आला. खोटेपणाचा नाही, वेळेचा. पाच हजार तिकिटं छापून बांधून तयार होती. पुस्तिका अर्धी छापली होती. पितळी पाटी कोरून झाली होती. मी म्हणाले, "चौतीस वर्षं तोंड मिटून बसलीस, अजून बारा दिवस बसलीस तर आकाश कोसळणार आहे का? साहेब गेले. कावळा तर केव्हाच गेला. कुणाचं काय बिघडलं?"

"आत्तापर्यंत कुणाचं नव्हतं बिघडलं," आत्या म्हणाली. "लोक येत होते, बघत होते, घरी जात होते. आता ती पोरगी त्याच्यावर उभी राहणार आहे. भर सभेत. आणि कुणी एकाने विचारलं की डोळ्यांचा रंग कुणी पाहिला, तर ती माझ्या वहीकडे बोट दाखवणार. तिथे काय आहे? कोरं."

"पाटी जाईल, आत्या."

"जाईल," ती म्हणाली, आणि पदार्थ करपल्यावर करते तसा चेहरा केला. "मला हवी होती गं ती."

काका झाडू टेकवून उभे होते. म्हणाले, "एका रंगात भागेल मग." मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा झाडायला लागले.

त्याच दुपारी आत्याने वहीवालीला खोलीत बोलावून सगळं सांगितलं. मी दाराशी होते. मला वाटलं होतं ती पोरगी गळ्यात पडेल, रडेल, 'आत्या, तुम्ही किती धीराच्या' वगैरे म्हणेल. तसलं काही झालं नाही. ती भडकली. "चार महिने लिहीत होते मी हे प्रकरण! या कपाटासाठी तर मी या गावात राहायला आले. आणि तुम्ही रोज मला चहा पाजत होतात!" वही काखेत मारली आणि निघून गेली. आत्या तिच्या मागे गेली नाही. दोन दिवस मुलगी आली नाही आणि आत्या जेवायला खाली आली नाही.

संचालकबाई ओरडल्या नाहीत, हेच जास्त वाईट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टेबलावरचा लाल डोळ्यांचा पेला उलटा करून ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत, हे चांगलं केलंत. पण खोटा नमुना तयार करणाऱ्याचं नाव मी दालनाला देऊ शकत नाही. तुम्हीच विचार करा, तुम्ही दिलं असतं का?"

"नसतं दिलं," आत्या म्हणाली. आणि मग तिने एकच मागणं मागितलं. नोकरी संपायच्या आत खडूला नीट करायची परवानगी. ती मिळाली.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. काचेचा डोळा मातीत बसवलेला असतो आणि त्यावर पापणी सुकून कडक झालेली असते. ओढायला गेलं तर कातडं फाटतं. आत्याने ओला कापूस डोळ्यांवर ठेवला आणि वर ओलं फडकं. दर तासाने ती तो बदलत होती. खडू टेबलावर डोळ्यांवर पट्ट्या घेऊन बसला होता, तापात असल्यासारखा. तोवर तिने चोच आणि नख्यांवरचा गुलाबी रंग सुटा करायला घेतला. एकावर एक चौतीस थर. कापसाच्या बोळ्याने ती एकेक थर उतरवत होती आणि मी शेजारी बसून बोळे देत होते. राग अजून गेला नव्हता, पण हात रिकामा ठेवून राग धरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. वहीवाली. कानामागे पेन्सिल.

"मला बघायचंय," ती म्हणाली. आवाजात अजून काटा होता. "नोंद कुणीतरी करायला हवी. या वेळी तरी."

"उभी नको राहू, उजेड अडतो," आत्या म्हणाली. "बस."

पापणी मऊ झाली होती. आत्याने बारीक चिमटा आत सारला, जरासा फिरवला आणि लाल डोळा पत्र्यावर टकटक करत पडला. मग दुसरा. खडूच्या चेहऱ्यात दोन खड्डे. मी खिडकीबाहेर पाहिलं. आत्या कपाटाकडे गेली, सगळ्यात मागचा, बटणांचा म्हणून ठेवलेला छोटा डबा काढला आणि कापसातून दोन काळे मणी तळहातावर घेतले.

"हे कधी आणलेस?" मी विचारलं.

"चौतीस वर्षांपूर्वी," आत्या म्हणाली. "साहेब लाल घेऊन यायच्या आधीच मी त्याच्या मापाचे निवडून ठेवले होते."

ताजी माती भरली. डावा बसवला. उजवा बसवला. सुईच्या टोकाने पापणी डोळ्याच्या कडेशी नेऊन ठेवली, केसभर वर, केसभर खाली, पुन्हा वर. मग तिने टेबलावरचा दिवा सरकवला आणि मागे झाली.

मी त्या कावळ्याला लहानपणापासून पाहत आले आहे. हजारो तिकिटांवर छापला आहे. लाल डोळ्यांनी तो कुठेच बघत नव्हता, नुसता दिसत होता. आता तो बघत होता. मान किंचित कलती, काळी चोच, आणि नजर बरोबर त्या स्टुलावर, जिथे आत्या टाके घालायला बसते. आत्याने मान वाकडी करून त्याच्या डोळ्यांत पाहिलं. पाच-सहा सेकंद नाही, खूप वेळ. "हाच," ती म्हणाली. "असाच बघायचा." आणि माझी पेंढाआत्या, जिला मी कुणाच्या मरणालाही रडताना पाहिलेलं नाही, ती हातमोज्यांनी डोळे पुसता येत नाहीत म्हणून तशीच रडत उभी राहिली. वहीवालीने आपला रुमाल काढून तिचे डोळे पुसले. तिचा राग तिथेच संपला असावा. माझा तरी संपला.

निरोपाचा कार्यक्रम झाला. पुष्पगुच्छ, भिंतीवरचं घड्याळ, चहा. दालनाला नाव दिलं नाही. पितळी पाटी संचालकबाईंच्या कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभी आहे. मी स्वतः वाकून पाहिलं, अक्षर चांगलं खोल कोरलंय. मला त्याचं वाईट वाटलं, आत्यालाही वाटलं, आणि वाटलं नाही असं आम्ही दोघींनीही म्हटलं नाही. पुस्तिका निघाली ती शेवटच्या प्रकरणाशिवाय. वहीवालीचा प्रबंध सहा महिने पुढे गेला. आता ती ठिकठिकाणच्या संग्रहालयांतल्या पांढऱ्या प्राण्यांचे डोळे तपासत फिरते आणि आत्याला पत्र लिहिते. आत्तापर्यंत तिला असे खोटे लाल डोळे बसवलेले आणखी तीन जण सापडले आहेत. म्हणजे चष्मा खिशात ठेवणारे साहेब सगळीकडे असतात.

पण मला सांगायचं आहे ते त्या निरोपाच्या दिवसाचं. चहा झाल्यावर आत्या गुच्छ माझ्या हातात देऊन खाली गेली. वहीवाली आणि मी मागोमाग. खोली रिकामी केली होती. टेबल पुसून लख्ख, टेबलावर फक्त ती जुनी वही. आत्याने चष्मा लावला, पान काढलं आणि खडूच्या नावासमोरचा कोरा रकाना बोटाने शोधला. वहीवालीने कानामागची पेन्सिल पुढे केली.

"पेन दे," आत्या म्हणाली. "पेन्सिल खोडता येते."

मी पेन दिलं. तिने आजची तारीख घातली, म्हणजे पुढे कुणाचा घोटाळा नको. मग आपल्या त्या गोल, शाळकरी अक्षरात लिहिलं:

'काळेभोर. जिवंतपणी, रोज सकाळी पाहिले.'

शाई वाळेपर्यंत ती थांबली. मग वही मिटून वहीवालीच्या हातात दिली, खिडकीची कडी लावली आणि मला म्हणाली, "चल, भूक लागलीय."